पोत्यातली मूठ

माय, तुझ्या नातसुनेचा मला हेवा वाटतो. हे एक वाक्य कागदावर उतरवायला मला चार दिवस लागले. तीन दिवस पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. चौथ्या दिवशी वाटलं, जिनं आपल्याला उघडंनागडं दगडावर बसवून न्हाऊ घातलं तिच्यापुढं कसली आली लाज. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझ्या कबरीला मी किती वेळा चुना मारून घेतला ते आता मोजता येत नाही, पण भांडायला मला अजून तूच लागतेस. लिहायला बसते तेव्हा शाळेतली मराठी लिहायची म्हणून कंबर कसते, आणि दोन ओळी झाल्या की मधूनच तुझं ‘काहून’ आणि ‘मले’ घुसतं. घुसू दे. सातवीनंतर तूच मला शाळेतून काढलंस. पुढचं जे काही वाचता-लिहिता आलं ते किराण्याच्या पुडीचे कागद वाचून आणि देवळात गाण्यांच्या पुस्तकावर बोट ठेवून ठेवून आलं. शिवणही तसंच. कोणी शिकवलं नाही, जुने झंपर उसवून उसवून कुठला तुकडा कुठं जोडला होता ते बघितलं. हे पत्रही तसंच होणार. आधी उसवते, मग जुळलं तर जुळवते.

गोष्ट अशी आहे. तुझा नातू, म्हणजे माझा मुलगा, आणि त्याची बायको, दोघांनी गेल्या उपासाच्या चाळीस दिवसांत ठरवलं की आपण ख्रिस्ती माणसं, तर आपलं घरही साधं असायला पाहिजे. मला वाटलं, चाळीस दिवसांचं वेड आहे, ईस्टरला मटण शिजलं की उतरेल. उतरलं नाही. आधी गाडी विकली आणि स्कूटर ठेवली. मग टीव्ही गेला. मग कपाटं रिकामी झाली, माणशी सहा कपडे, सातवा घरात आणायचा नाही. नात आठ वर्षांची आहे, तिनं स्वतःच्या हातानं बाहुल्या वाटून टाकल्या, फक्त एक ठेवली, तीही एका डोळ्यानं आंधळी. संध्याकाळी चटई टाकून चौघं प्रार्थनेला बसतात, तिचा धाकटा भाऊ मांडीवर. आम्ही रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या या घरात वर-खाली राहतो, ते वर, मी खाली. वरून जे जे निघालं त्यातलं अर्धं माझ्या खोलीत आलं. चांगली मिक्सी, कुकर, पडदे, दोन खुर्च्या, पाहुण्यांसाठीचे काचेचे गिलास. टाकवत नाही मला. मुलगा परवा दारात उभा राहून हसला. “आई, आम्ही वरून कमी करून राहिलो, तू खालून वाढवून राहिली. घराचं वजन तेवढंच राहिलं ना मग?”

मी म्हटलं, “बाबू, तुमच्या साधेपणाले गोडाऊन लागते. ते मी झाले.”

आता उद्या, शनिवारी, ते जाऊन राहिले. शहराबाहेर अभनपूरकडे दोन खोल्यांचं घर घेतलंय, मागं भाजीपाल्यापुरती जमीन. सूनबाईला तिकडच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं. मुलगा बसनं रायपूरला नोकरीवर येत जाईल. मलाही चला म्हणाले. सून म्हणाली, “मम्मी जी, एक पेटी में जितना आए उतना लेकर चलिए.” एका पेटीत! माझी तर नुसती औषधं एक पेटी होतील. मी नाही म्हटलं, आणि ते खरं कारण नाही हे तुला कळतंच आहे.

खरं कारण तुझी मूठ.

नातवंडांना मी कधी सांगितलं नव्हतं, पण देवळाच्या मंडळीतल्या जुन्या माणसांना आठवण आहे. तू रोज चूल पेटवायच्या आधी घरचे तांदूळ मापायचीस, मापलेल्या तांदळातून एक मूठ काढायचीस आणि टिनाच्या डब्यात टाकायचीस. रविवारी तो डबा देवळात रिता व्हायचा. सगळ्या घरच्या मुठी एका टोपलीत जमायच्या आणि ज्याच्या घरी त्या आठवड्यात चूल पेटली नसेल त्याच्याकडे ती टोपली कोणाला न सांगता जायची. पुढं दानाच्या पैशांचे लिफाफे आले आणि मूठ बंद पडली. ती आता तुझ्या नातसुनेनं पुन्हा सुरू करायचं मनावर घेतलंय. कुठून ऐकलं कोण जाणे. मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की बघा, ही तरुण बहीण जुनी रीत परत आणून राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बहन जी, आपके घर में तो आपकी माता जी लौट आईं.” लोक टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. हात वाजत होते आणि आत डाळीत खडा लागावा तसं काहीतरी कचकन लागलं.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. बाहेर ओसरीवर मावशी बसली होती. तीच, जी तुझ्यासोबत मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजी चिरायची. आता डोळे गेलेत तिचे, सगळं हातानं बघते. तिनं विचारलं, “कोण व पोट्टी, मूठ सुरू करून राहिली ते?” सून वाकली, जय मसीह की म्हणाली. मावशीनं तिचा उजवा हात धरला, बोटं मिटवली, पुन्हा उघडली, तळव्यावरून अंगठा फिरवला, जसा आपण बाजारात वांगं दाबून बघतो. आणि म्हणाली, “अव्वा! हा तं तिचाच हात व. असीच रुंद मूठ होती तिची. दोन पोट्ट्यांचं पोट भरे एका मुठीत.”

माय, मी सत्तरी ओलांडलेली बाई. गुडघे दुखतात. तरी मी खाली बसले आणि माझा हात पुढं केला. “मावशी, माहा पाहा ना.”

तिनं चाचपला. “तुहा? तुहा तं साहेबिणीचा झाला बाई. मऊ मऊ. अन् बोटं तुह्या बापाची हायेत.”

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. घरी येईपर्यंत स्कूटरवर सुनेच्या मागं बसून मी तिच्या हाताकडेच बघत होते. ती छत्तीसगढी मुलगी, तिचे आईबाप महानदीच्या पलीकडचे. तिला मराठी कळते पण बोलता येत नाही. तुझा आवाज तिनं ऐकला नाही, तुझी सुजलेली पावलं तिनं चेपली नाहीत, तुझ्या शेवटच्या पंधरा दिवसांत तुझं अंग तिनं पुसलं नाही. ते सगळं मी केलं. आणि हात तुझा तिला! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण मुलगी गुणी आहे, माझे पाय ती न सांगता दाबते. गुणी आहे म्हणूनच जळायला होतं. वाईट असती तर बोलून मोकळी झाले असते.

त्याच संध्याकाळी ती खाली आली. हातात दुधाची पातेली. सहज बोलावं तसं म्हणाली, “मम्मी जी, मौसी बता रही थीं, दादी माँ का एक डब्बा था टीन का, ऊपर क्रॉस बना हुआ. वो है क्या कहीं? उसी से शुरू करते तो अच्छा लगता.”

आणि मी म्हटलं, “तो? तो तर कधीचाच हरवला. पंडरीच्या भाड्याच्या घरातून इकडे आलो ना, तेव्हाच.”

विचार करायच्या आधी बोलून झालं होतं. तिनं तोंड तरी पाडायचं! नाही. “कोई बात नहीं मम्मी जी, कोई भी डब्बा चलेगा,” म्हणाली आणि दूध ठेवून वर गेली. ज्याच्यासाठी मी खोटं बोलले त्याची तिला गरजच नव्हती. कोणताही डबा चालेल! एवढं सैल मन कुठून आणतात ही माणसं? मला तर तुझाच डबा पाहिजे, आणि त्यात मी काय ठेवलंय सांगू? बटणं. कपाटाच्या दुसऱ्या खणात, शालींच्या खाली, तुझा डबा बटणांनी गच्च भरलेला आहे. तुझ्या जावयाच्या सदऱ्यांची, फाटून गेलेल्या पोरांच्या गणवेशांची, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या झंपरांची बटणं. सदरे गेले, घालणारे गेले, बटणं राहिली.

तो डबा तुला आठवतो ना? घासलेटच्या पिंपाच्या पत्र्यातून टिनवाल्याकडून करून घेतला होतास. झाकणावर तूच खिळ्यानं क्रूस कोरलास, पण चारही हात सारखे काढलेस. मी तेव्हा तिसरी-चौथीत. मी म्हटलं, “माय, हे तं बेरजेचं चिन्ह झालं.” तू डबा लांब धरून बघितलास आणि म्हणालीस, “होऊ दे. उणं तं नाई ना झालं.” तुला लिहिता येत नव्हतं, पण बेरीज-उणे कळत होतं. बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते आणि मी सहा वर्षांची असताना गेले. मग तू, मी आणि दोन धाकटे भाऊ. वसतिगृहाच्या आवारातली मागची खोली, एक खिडकी, दोन पातेली, एक तवा, भिंतीला खुंट्या तीन. तुझ्या पगाराचा काही भाग तांदळात यायचा, म्हणून खोलीत पाय ठेवायला जागा नसली तरी कोपऱ्यात पोतं असायचं. आमची खेळायची जागाही तेच पोतं.

आणि तो शनिवार. मी अकरा वर्षांची आहे. तू वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात साठ मुलींचा भात उतरवून राहिलीस, आणि घरचा भात टाकायचं काम माझं आहे. पितळी गिलासानं तीन गिलास मापायचे, त्यातून एक मूठ डब्यात, उरलेले धुऊन चुलीवर. धाकटा सकाळपासून भूक भूक करून राहिला. मी तीन गिलास मापून पातेल्यात ओतते, डबा उघडते आणि माझ्या डोक्यात उजेड पडतो. मूठ या तीन गिलासांतूनच काहून काढायची? इथं अख्खं पोतं उभं आहे! मी पोत्यातून मूठ काढते, चांगली शिगोशीग, डब्यात टाकते, आणि घरचे तीन गिलास पुरे शिजायला लावते. मला वाटतं, एवढी साधी गोष्ट मायच्या लक्षात कशी आली नाही? मले सातवीपर्यंत जाऊ तर दे, मी अख्खं घर चालवीन.

तू आलीस, पदरानं तोंड पुसलंस, आम्हाला वाढलंस, मग नेहमीसारखं शेवटी आपल्या ताटात घेतलंस. आणि घास न घेता ताटाकडे बघत बसलीस.

“पोट्टे, मूठ टाकली का आज?”

“टाकली.”

“कोठून टाकली?”

“पोत्यातून.” मी खूश होऊनच सांगितलं. “म्हणजे आपल्याले कमी नाई पडत, अन् देवालेबी भेटते.”

तू ताट बाजूला सरकवलंस. उठलीस, डब्यातून मूठभर तांदूळ काढलेस आणि पोत्यात परत टाकलेस. म्हणालीस, “पोत्याले काय ठाऊक पडते व? पोत्यातून तं उंदीरबी नेते. देवाले उंदराचा वाटा देऊ नये. मूठ पोटातून निघाली पाहिजे, पोत्यातून नाई.” मग आपल्या ताटातला भात अर्धा पातेल्यात परत लोटलास, वरून पाणी घातलंस, झाकलंस. सकाळी त्याचा बासी दारातून भाकर मागायला आलेल्या म्हातारीला दिलास. मी विचारलं होतं, “कोणाच्या पोटातून, माय?” “तू जेव,” एवढंच म्हणालीस. मी जेवले. पोटभर जेवले.

मला कितीतरी वर्षं एकच कोडं होतं, की तुला कळलं कसं? डबा उघडला नव्हतास, पोतं बघितलं नव्हतंस. मी मनाशी ठरवून टाकलं की माय प्रार्थनेची बाई, तिला वरून कळतं. ते मला फार टोचायचं. मलाही डोळे मिटून बसल्यावर काही तरी कळावं असं वाटायचं, पण मला फक्त शेजारच्या बाईची नवी साडी दिसायची.

लग्नात तू मला काय दिलंस? तो डबा. बाकीच्यांनी ताटं दिली, पितळेचा हंडा दिला, कोणी घड्याळ दिलं. तू पदराखालून डबा काढलास, आत मूठभर तांदूळ. “भांडं रितं देऊ नये,” म्हणालीस. माझी नणंद मोठी तिखट होती, तुला आठवते. सगळ्यांत म्हणाली, “विहीणबाईनं डबा तं दिला, पोतं मागून येते काय?” बायका फिदीफिदी हसल्या. तू पण हसलीस, तुला त्यात हसण्यासारखंच दिसलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी डबा पलंगाखाली लोटला आणि त्या दिवशी पण केला, माझ्या घरी दोन पातेली आणि तीन खुंट्या असणार नाहीत. आणि पण पुरा केला. रात्रंदिवस मशीन चालवली, पंडरीच्या बाजारातून कापडाचे गठ्ठे आणून पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांचे झंपर शिवले, तुझ्या जावयाच्या नोकरीला हातभार लावला, तेव्हा हे घर झालं. तू बघायला आलीस. सोफा होता, टीपॉय होता, काचेची शोकेस, त्यात चिनी मातीचे हंस. तू दारात उभी राहून डोळे फिरवलेस. “लय छान केलं बाई,” म्हणालीस. “बसू कोठी?” मी सोफा दाखवला. तू म्हणालीस, “नाई व, त्याले डाग पडन,” आणि टीपॉय सरकवून खाली फरशीवर बसलीस. मी चहा करायला आत गेले आणि गॅससमोर उभी राहून रडले. तू टोमणा मारला नव्हतास हे मला आज कळतं. तेव्हा मला तो सगळ्यांत मोठा टोमणा वाटला.

आणि मूठ? मीही ठेवली होती मूठ. पहिली काही वर्षं, स्टीलच्या नव्या डब्यात. रविवारी काठोकाठ भरून न्यायची. बायका म्हणायच्या, “किती भरून आणता हो तुम्ही!” भरून का नाही येणार? मी पोत्यातून काढत होते. घरचं माप पुरं ठेवून, वरून. माझ्या घरी कोणाच्या ताटात शीत कमी पडलं नाही. लिफाफे आले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला वर जेवायला बोलावलं. बांधाबांध झालेली, घर उघडंबोडकं, बोललं की आवाज घुमतो. मी ओट्याशी उभी. सून गिलासानं तांदूळ मापून परातीत टाकते, मग हात थांबवते आणि विचारते, “मम्मी जी, दादी माँ मुट्ठी माप में से निकालती थीं कि बोरी में से?”

मी आणखी एक खोटं बोलू शकले असते. पोत्यातून म्हटलं असतं तर ती पोत्यातून काढत गेली असती आणि मी सुखी झाले असते. तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण म्हटलं, “मापातून.”

“हव,” ती म्हणाली. “मैंने भी यही सोचा था. बोरी को क्या पता चलेगा?”

माय, ऐकलंस? तुझंच वाक्य. हिंदीत. ज्या वाक्यावर माझं नाव लिहिलं होतं असं मी साठ वर्षं समजत होते, ते तिनं मसाल्याचा डबा उघडता उघडता सहज म्हणून टाकलं.

मग आम्ही जेवायला बसलो, चटईवर. सगळ्यांच्या ताटात भात सारखा, आणि नातीच्या ताटात कमी. चांगला डोळ्याला दिसेल एवढा कमी. मी माझ्यातला तिला द्यायला हात उचलला तर ती ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडली, “नहीं दादी! आज मेरी बारी है!”

“कसली बारी?”

मुलगा म्हणाला, “आई, मूठ रोज एकाच्या ताटातून जाते. काल माझी पाळी होती, आज हिची. छोट्याले अजून घेतलं नाई, तो रडते.”

“मैं नहीं रोती,” नात म्हणाली आणि रिकाम्या जागेवर वाटी ठेवून दाखवली, कोणी मेडल दाखवावं तशी. “दादी, देखो. इत्ता गया.”

तेव्हा मला कोडं सुटलं. त्या शनिवारी तुला वरून काही कळलं नव्हतं. तुझ्या ताटात भात पुरा आला होता. एवढंच. रोजची मूठ तुझ्या ताटातून जात होती, रोज, सगळ्यांच्या शेवटी वाढून घेणाऱ्या बाईच्या ताटातून, आणि त्या दिवशी ती गेली नव्हती म्हणून तू ताटाकडे बघत बसलीस. इतकी साधी गोष्ट. साठ मुलींना जेवू घालून आलेली बाई, आणि मी तिच्या समोर बसून पोटभर जेवत होते.

आणि घास माझ्या तोंडात असतानाच मला त्या आठ वर्षांच्या पोरीचा हेवा वाटला. सुनेचा वाटला त्याच्यापेक्षा जास्त. कारण माय, तू मला कधी माझी पाळी दिली नाहीस. एक दिवस. एक दिवस तरी म्हणायचं होतं, पोट्टे, आज तुह्या ताटातून जाणार हाय. मी रडले असते, भांडले असते, पण मग मीही दाखवलं असतं की बघा, एवढं गेलं. तू सगळं एकटीनं केलंस. कमी तुझं, देणं तुझं, देव तुझा. माझ्या वाट्याला नुसत्या तीन खुंट्या आल्या आणि नणंदेचं हसणं आलं. तुझ्यासाठी जे साधं जगणं होतं ते मला आतून कधी बघायलाच मिळालं नाही, मला ते बाहेरून दिसलं, आणि बाहेरून त्याला गरिबी म्हणतात. मी आयुष्यभर त्याच्यापासून पळाले. आता ही पोरगी तेच ताटात घेऊन मिरवते. मायेनं केलंस हे मला कळतं गं. पण मायेनंही माणूस उपाशी ठेवला जातो.

लिहून झालं. आता थोडं हलकं वाटतं, जळून झालेल्या चुलीसारखं. पुरी विझली असं म्हणत नाही.

आज शुक्रवार. सकाळी मी डबा काढला. बटणं कापडी पिशवीत ओतली, डबा राखेनं घासला, उन्हात ठेवला. कडेला जंग चढलाय, पण झाकण अजून दाबून बसतं आणि बेरजेचं चिन्ह स्पष्ट आहे. मग म्हटलं, आता आपली पाळी आपणच घ्यावी, कोण देणार दुसरं. स्वतःपुरता अर्धा गिलास मापला, त्यातून मूठ काढली. एकटीच्या मापातून मूठ निघाली तर उरतं किती? पातेल्याचा तळ दिसत होता. जेवले. पाणी पिऊन उठले आणि उगाच खोलीत फिरले, मिक्सीला आणि खुर्च्यांना वळसे घालत. वाटत होतं, कोणी तरी यावं आणि विचारावं, आज तुमच्या ताटात कमी काहून? कोणी आलं नाही. वर सगळे दोऱ्या बांधत होते. चार वाजता अशी कडकडून भूक लागली की वाटेसाठी पोरांना तळलेल्या गोड खुरमीतल्या दोन खाल्ल्या. मग आणखी एक.

उद्या डबा देणार आहे तिला. सापडला म्हणणार, लपवला होता म्हणणार नाही, तेवढं मला जमायचं नाही. हे पत्र डब्याच्या तळाशी जंगावर घालावं असं आधी वाटलं होतं, पण सूनबाई नागरी लिपी वाचते, हेवा हा शब्द हिंदीत नसला तरी ती कोणाला तरी विचारेल. म्हणून ते बटणांच्या पिशवीत राहील. तिकडे कोणी बघत नाही.

आणि एक. भांडं रितं देऊ नये म्हणून डबा गळ्यापर्यंत भरून ठेवलाय. हातात घेतला की जड लागतो, सून म्हणेल, किती भरून दिलं मम्मी जींनी. तिला सांगू नको. वरची एक मूठ तेवढी मापातली आहे, माय. खालचा सगळा पोत्यातला.